डावीकडचा ब्रेक

गाडी शिकवणाऱ्याने गाडी विकत घ्यायची तर आधी डावीकडच्या सीटवर बसून बघायचं असतं. बाकीची माणसं शोरूममध्ये शिरली की सरळ उजवीकडे जाऊन स्टिअरिंग धरतात. मी डावीकडे बसले आणि पाय लांब केले. पायांपुढे जागा किती आहे, मॅटखालचा पत्रा सपाट आहे की फुगलेला, इथे दुसरा क्लच आणि दुसरा ब्रेक बसवला तर माझा गुडघा डॅशबोर्डला लागेल का, हे मला बघायचं होतं. सोलापूरच्या त्या शोरूममधला सेल्समन खिडकीशी वाकला आणि म्हणाला, "मॅडम, त्या सीटला आरसापण दिलाय. वरची पट्टी खाली घ्या. लिपस्टिक वगैरे लावायला बरं पडतं."

मी पट्टी खाली घेतली नाही आणि बोललेही नाही. मला बोलायला वेळ लागतो. उत्तर सुचतं ते घरी पोचल्यावर, आणि तेही आधी इंग्रजीत, कारण भांडणं मी शाळेच्या पुस्तकांत वाचली, केली कधीच नाहीत.

मी नळदुर्गच्या एका ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवते. लागले होते कारकून म्हणून. लायसन्सचे अर्ज ऑनलाइन भरायचे असतात आणि इंग्रजी शाळेत शिकलेली मुलगी जळकोटहून रोज यायला तयार आहे, एवढं मालकांना पुरलं. मालकांना सगळे सर म्हणतात. पुढे एक नर्स शिकायला आली आणि दुसऱ्याच दिवशी ऑफिसात येऊन म्हणाली, की शिकवणारा माणूस गिअर दाखवायला माझ्या हातावर हात ठेवतो आणि गिअर पडला तरी उचलत नाही. फी परत द्यायला लागू नये म्हणून सरांनी मला तिच्यासोबत मागच्या सीटवर बसवून पाठवलं. मला गाडी चांगली येत होती. पप्पा एसटीत ड्रायव्हर होते, अठरा पूर्ण झाल्याबरोबर त्यांनीच शिकवली. यथावकाश मी मागच्या सीटवरून पुढे आले. मेकॅनिकचा कोर्स केला, शिकवायचा परवाना काढला, आणि बायकांची बॅच माझ्याकडे आली. जिल्हा परिषदेच्या शाळेतली एक शिक्षिका, दोघी दुकानवाल्या, एका बँकेतल्या क्लार्कची बायको आणि ड्यूटीमुळे मध्येच थांबून पुन्हा शिकायला आलेली ती नर्स.

बॅच माझी, पण गाडी शाळेची. सकाळी गारव्यात ती पुरुषांना मिळायची आणि ऊन तापलं की आम्हाला. क्लच इतका जड झाला होता, की शिक्षिकाबाई दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढून धरायच्या तेव्हा कुठे त्यांचा पाय खाली जायचा. सीट वर-खाली होत नव्हती. बुटक्या बाईला बॉनेट दिसायचंच नाही, म्हणून आम्ही ऑफिसातली उशी वापरायचो. गाडी चौकात बंद पडली की रिक्षावाले म्हणायचे, "बायकांची शाळा सुटली वाटतं." त्याच गाडीवर सकाळी चार पुरुषांनी क्लच घासून ठेवलेला असायचा, त्यांना कुणी काही म्हणत नव्हतं. मी सरांना म्हटलं, "क्लचचं काम करून घ्या." सर हसून म्हणाले, "मग आणा की मॅडम स्वतःची. शाळेच्या परवान्यावर मी चढवून घेतो. बायकांची बॅच कायमची तुमची."

त्यांनी ते चेष्टेत म्हटलं होतं. मी ते धरून बसले.

पगारातून साठवलेल्या पैशांत सुरुवातीची रक्कम भागत होती. राहिलेल्या पैशांचं कर्ज काढायचं तर बँकेला माझा पगार पुरेसा वाटेना, पप्पांची पेन्शनही वाटेना. जामीनदार लागला. आमच्या घरात अशा ठिकाणी चालणारी सही एकच, माझ्या काकांची. काका म्हणजे पप्पांचे थोरले भाऊ. हायवेला त्यांचं सिमेंट आणि पत्र्यांचं दुकान आहे, आणि दुकानापुढच्या बाकड्यावर सकाळपासून माणसं बसलेली असतात, त्यातली निम्मी काही विकत घ्यायला आलेली नसतात.

"इंग्लिश शाळेत घातलं, रिक्षा लावली, बूट-मोजे घेतले," काका बाकड्यावरच्या माणसांना म्हणाले, "अन् पोरगी म्हणती मी डायवर होते."

"शिकवते, काका. ड्रायव्हर नाही," मी म्हटलं.

"त्येच की. दुसऱ्याला डायवर करती." माणसं हसली. "सही करतो मी. पण सही माझी, तर गाडी बी मी सांगंल ती. सात सीटची घ्यायची. लग्नकार्याला कामाला आली पायजे. तुझ्या त्या खेळण्यात चार माणसं घालून कुठं जायचं?"

सात सीटच्या गाडीत शिकणारी बाई पुढचा कोपरा अंदाजाने शोधते आणि अंदाज चुकला की शिकणं कायमचं सोडते. लहान गाडी हवी, क्लच मऊ हवा, काच खालपर्यंत हवी, सीट वर येणारी हवी. बंपर खरचटणारच आहे, तो स्वस्तात मिळणारा हवा. हे मी काकांना सांगायचा प्रयत्न केला. ते पत्रे मोजत राहिले. शेवटी पप्पा म्हणाले, "दादा, तिला शिकवायलाच घ्यायचीय." एवढंच. पण पप्पा काकांपुढे सहसा इतकंही बोलत नाहीत, त्यामुळे काकांनी मान वर केली आणि म्हणाले, "घ्या मग काडेपेटी. पण पुढं मी बसणार, आधीच सांगून ठेवतो."

आमच्याकडे गाडीत पुढची डावी सीट घरातल्या थोरल्या पुरुषाची असते. भाड्याची जीप असो की कुणाची मागून आणलेली गाडी, बायका मागे, पोरं मांडीवर, आणि थोरला पुढे. तो ड्रायव्हरला रस्ता सांगतो, कुठे थांबायचं ते सांगतो, ओळखीचं कुणी दिसलं की खिडकीतून हात वर करतो. मी तेव्हा नुसतं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यात जामीन होता.

सेल्समनबद्दल सांगायचं राहिलं. पप्पा सोबत आले होते. मी विचारायचे आणि तो उत्तर पप्पांना द्यायचा. "क्लच किती हार्ड आहे?" मी. "सर, ॲव्हरेज एकदम मस्त आहे," तो पप्पांना. मग त्याने मला ऑटोमॅटिक दाखवली. "लेडीजला हीच बेस्ट, मॅडम. क्लचचं टेन्शनच नाही." मी म्हटलं, मला क्लच शिकवायचाच आहे. तो हसला, मी विनोद केला असं समजून. चालवून बघायला किल्ली त्याने पप्पांच्या हातात दिली, पप्पांनी माझ्या हातात. मग तो शेजारी बसून सबंध रस्ताभर म्हणत राहिला, "सावकाश मॅडम... आता क्लच दाबा... हां... आता थोडं थोडं सोडा..." हीच वाक्यं मी दिवसभर म्हणते. फरक इतकाच, की मी ती गाडी न येणाऱ्या माणसाला म्हणते. मी मुद्दाम चढावर गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला, आणि एक बोटभरही मागे न जाऊ देता उचलली. तो म्हणाला, "वा! सर, मॅडमना जमतंय हां."

गाडी मात्र मला आवडली. क्लच लोण्यासारखा होता आणि सीट वर घेतली की बॉनेटची कड दिसत होती. मी तीच घेतली, पांढरी.

गाडी ताब्यात घ्यायच्या दिवशी काका, काकू, पप्पा आणि मी असे चौघं सोलापूरला गेलो. आई घरी थांबली, संध्याकाळी गाडीला ओवाळायची तयारी तिच्याकडे होती. शोरूममध्ये गाडीवर लाल कापड टाकलं होतं. फोटोसाठी त्यांच्याकडे पुठ्ठ्याची एक भली मोठी किल्ली असते. ती त्यांनी काकांच्या हातात दिली. काकांनी टोपी सरळ केली. फोटोवाला मला म्हणाला, "मॅडम, थोडं आत सरका, फ्रेममध्ये येत नाही." त्या फोटोत मध्यभागी काका आहेत, किल्ली आहे, आणि कडेला माझा अर्धा चेहरा आहे. कर्जाचा हप्ता माझ्या खात्यातून जातो.

तिथून गाडी आम्ही आधी ठरवून ठेवलेल्या गॅरेजला नेली. डावीकडचे दोन पेडल बसवायला दुपार झाली. काका तेवढ्यात बाजारात पत्र्याच्या भावाची चौकशी करायला गेले होते. काकू आणि मी गॅरेजच्या दारात खुर्च्यांवर बसलो. काकूचं माहेर आळंदकडचं, ती रागावली किंवा लाडात आली की कानडीत जाते. पेडल बसताना बघून तिने विचारलं, "दोन-दोन कशाला गं?" मी सांगितलं, की शिकणारीने घाबरून भलतंच काही केलं तर शेजारी बसलेल्या मला गाडी थांबवता यावी म्हणून. "म्हंजे तिकडनं दाबलं तरी थांबती आन् इकडनं दाबलं तरी?" "हो." तिने मान हलवली. काकूला मी हे एकदाच सांगितलं.

काकांना तीनदा सांगितलं. गॅरेजमधून निघताना, तुळजापूरला दर्शन करून परत गाडीत बसताना, आणि नळदुर्गच्या रस्त्याला लागल्यावर, जेव्हा त्यांनी चपला काढून पाय लांब केले. "काका, पाय मागे घ्या. तिथे ब्रेक आहे."

"मला नको शिकवू. तुझ्या बायकांला शिकव."

"खरंच ब्रेक आहे, काका."

"बघ की म्होरं. बोलत गाडी चालवती व्हय?"

मी पुढे बघितलं. मला तेव्हाच गाडी बाजूला घेऊन थांबवायला हवी होती, असं आता वाटतं. पण देवीचं दर्शन झालेलं, बॉनेटवर हार, मागे काकूच्या मांडीवर प्रसादाची पिशवी, आणि पुढे ज्यांच्या सहीवर गाडी मिळाली ते काका. अशा वेळी थांबणारी मुलगी मी नाही. पाय मागे घ्यायचे होते ते त्यांना.

समोरून एक ट्रक ट्रॅक्टरला ओलांडून आमच्या बाजूला आला. असं त्या रस्त्यावर रोज होतं. मी डावीकडे सरले होते, वेग कमी केला होता, ट्रकला परत आत जायला भरपूर जागा होती आणि तो गेलाही. पण काकांनी दोन्ही पाय दाणकन पुढे मारले. शेजारी बसलेला प्रत्येक माणूस भीती वाटली की असा नसलेला ब्रेक दाबतो. माझ्या गाडीत तो होता.

गाडी जागच्या जागी थांबली. बॉनेटवरचा हार सुटून काचेवर आला. पाठोपाठ मागून धाडकन आवाज झाला. मागे एक दूधवाला होता, मोटरसायकलला दोन्ही बाजूंना कॅन लावलेले. तो आमच्या बंपरवर आदळून पडला. मी उतरून धावले. त्याचा गुडघा फुटला होता, बाकी तो शाबूत होता, आणि उठून बसताबसता त्याने आधी दुधाकडे बघितलं. दूध डांबरावरून कडेच्या मातीत चाललं होतं. मग त्याने मला बघितलं.

"बाई चालवायली व्हय? तरीच! असा मधीच ब्रेक मारतेत का गं? कुणी दिली गाडी तुला?"

मी तोंड उघडलं. काका माझ्या आधी बोलले. ते चपला घालून सावकाश उतरले होते. दूधवाल्याच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

"जाऊ दे रे भाऊ. पोरगी शिकायलीय अजून. नवी गाडी, घाबरली. चुकलं तिचं." आणि खिशातून नोटा काढून त्यांनी त्याच्या हातात दाबल्या.

शिकायलीय. मी त्या रस्त्यावर रोज शिकवते. माझ्या शाळेचं नाव गाडीवर अजून रंगवायचं होतं इतकंच. मी पप्पांकडे बघितलं. ते काकांच्या मागच्या सीटवरून उतरले होते, आणि तीस वर्षं एसटी चालवलेल्या माणसाला गाडी कुठल्या पायाने थांबली ते कळत नाही, असं होऊच शकत नाही. पप्पा वाकून बंपरचा तुटका तुकडा उचलत होते. तो उचलायला त्यांना फार वेळ लागला.

उरलेल्या रस्त्यात काका पाय पोटाशी घेऊन बसले. कुणी सांगायला लागलं नाही.

घरी ओवाळणी झाली. आईने चाकाखाली लिंबू ठेवलं, मी ते चिरडलं, शेजाऱ्यांनी पेढे खाल्ले आणि तुटक्या बंपरकडे बघून काय झालं विचारलं. काका सगळ्यांना सांगत होते, "काय न्हाय हो, थोडं चुकलं पोरीचं. होतंय नवं नवं." इतक्या प्रेमाने सांगत होते, की मी चिडले असते तर मीच वाईट दिसले असते.

सकाळी मी पप्पांना विचारलं, "तुम्ही बघितलंत ना?"

ते दाढी करत होते. "जाऊ दे. थोरला हाय."

"पण शिकवणारी मी आहे, पप्पा. माझं नाव जाईल."

"कुणाला कळतंय?"

सगळ्यांना कळलं. दूधवाला नळदुर्गमध्येच दूध घालत होता, आणि आमच्या शाळेखालच्या चहाच्या टपरीवरही. आठवडा व्हायच्या आत रिक्षावाल्यांनी मला बघून पाय दाणकन आपटून दाखवायला सुरुवात केली. क्लार्कने सरांना फोन करून सांगितलं, की बायकोला त्या मॅडमकडे पाठवणार नाही, पहिल्याच दिवशी ज्यांनी गाडी ठोकली त्या दुसऱ्याला काय शिकवणार. दुकानवाल्या दोघींनी घरी पाहुणे असल्याचं कळवलं. सर मला म्हणाले, "मॅडम, थोडे दिवस जाऊ द्या. लोक विसरतात. तोवर तुम्ही फॉर्मचं काम बघा." मी म्हटलं, ब्रेक मी मारलेला नाही. सर म्हणाले, "बरं बरं." ज्या आवाजात आपण लहान मुलाला बरं बरं म्हणतो, त्या आवाजात. मग मी पुढचं सांगितलंच नाही. काकांवर ढकलते आहे असंच वाटलं असतं.

मी पुन्हा खुर्चीवर बसून अर्ज भरायला लागले. गाडी आवारात झाडाखाली उभी राहायची. चिमण्या तिच्यावर घाण करायच्या, मी पुसायचे.

आणि घरी काका म्हणाले, "त्ये डावीकडलं काढून टाक. मेकॅनिकला सांगून ठेवलंय मी. त्येनंच घोटाळा होतोय."

मी जेवत होते. चूक माझी होती तर ती उजवीकडच्या ब्रेकवर झाली होती. डावीकडचा काढून काय होणार होतं? काकांच्या हे लक्षात आलं नाही, पप्पांच्या आलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि लगेच ताटात बघितलं. "नाही काढणार," मी म्हटलं. घरात एवढ्या मोठ्या आवाजात मी पहिल्यांदाच बोलले असेन. काका म्हणाले, "सही कुणाची हाय?" मी म्हटलं, "हप्ता माझा आहे." आईने मला आणखी भाकरी वाढली, मी गप्प बसावं म्हणून.

त्यानंतरच्या रविवारी काकूच्या भाचीकडे सास्तूरला बारसं होतं. गाडी काढायची असं परस्पर ठरलं होतं. मी गाडी दारात आणली. काकू नवं लुगडं नेसून, हातात बाळंतविड्याची पिशवी घेऊन मागच्या दाराशी उभी राहिली. काका आतून आले, इस्त्रीचे कपडे, अत्तर लावलेलं, आणि सवयीने पुढच्या डाव्या दाराला हात घातला. दार उघडलं नाही. मी आतून लॉक केलं होतं. मी काच खाली घेतली.

"काका, मागे बसा."

"काय?"

"मागे बसा. ही शिकवणाऱ्याची जागा आहे."

"मी मागं बसू? बायकांत?"

"हो."

समोरच्या ओट्यावरून शेजारीण बघत होती. काकांनी दाराचा हात सोडला. "मला यायचंच न्हवतं. काडेपेटीत कोण बसतंय," असं म्हणून ते दुकानाकडे चालायला लागले. अत्तराचा वास राहिला. मी क्लचवरून पाय काढून घेतला आणि गाडी बंद पडली.

काकू तशीच उभी होती. मी लॉक काढलं आणि म्हटलं, "तू ये पुढे." ती आधी दुकानाच्या दिशेला बघत राहिली, मग आली. बसल्यावर तिने लुगडं गोळा केलं आणि विचारलं, "पाय कुठं ठेवू?"

मी दाखवलं. तिने पाय सीटखाली ओढून घेतले आणि सबंध वेळ तसेच ठेवले.

हायवेला लागलो. थोडं पुढे गेल्यावर ती म्हणाली, "बिडव्वा. सोडून दे त्येंचं. त्येंला बी वाईट वाटतंय."

"कशाचं वाईट वाटतंय?"

"त्या दिवशीचं. घरी आल्यावर मला म्हणले की, पाय पडला गं माझा, जोरात पडला. दूधवाल्याचं डोस्कं फुटलं असतं म्हणले. जेवले बी न्हाईत नीट."

मी वेग कमी केला. "तुला माहीत होतं?"

"मला काय, सगळ्यांलाच म्हाईत हाय. तुझ्या आईला मीच सांगितलं."

आई. म्हणजे पेढे वाटणारीला माहीत होतं. दाढी करणाऱ्याला माहीत होतं. ओवाळणीच्या ताटाभोवती मी एकटीच अशी होते, जिला वाटत होतं की आपल्यावर कुणाचा विश्वास नाही. विश्वास सगळ्यांचा होता. त्यांना फक्त ते बोलायचं नव्हतं. मी चुकले असं म्हणणं सोयीचं होतं, कारण माझ्या चुकण्याचं कुणाला नवल नव्हतं. आणि काकांना वाईट वाटत होतं, तेही घरात, काकूजवळ, दार लावून.

दुभाजकाला जागा दिसली तिथे मी गाडी वळवली.

"अगं, कुठं निघालीस? बारसं हाय!"

"जाऊ. आधी दुकानात जाऊ."

"नको गं पोरी. मी सांगितलं म्हणू नको."

बाकड्यावर माणसं होतीच. काका अत्तर लावलेल्या कपड्यांत गल्ल्यावर बसले होते. मी दुकानापुढे गाडी लावली, उतरले आणि त्यांच्यासमोर उभी राहिले. शब्द इंग्रजीत आले, ते गिळले. मग जे निघालं ते अगदी साधं होतं.

"काका, त्या दिवशी ब्रेक कुणी दाबला?"

काकांनी गाडीत बसलेल्या काकूकडे बघितलं. काकूने पदर तोंडाशी घेतला होता.

"कुणी दाबला, काका? मला नळदुर्गमध्ये शिकवू देत नाहीत."

मला वाटलं ते ओरडतील. नाही म्हणतील. सहीची आठवण देतील. मी सगळ्यासाठी तयार होते. काका खाकरले.

"व्हय, माझा पाय पडला. मग? आता फाशी देती का काकाला?"

बाकड्यावर एकदम हशा फुटला. "काय सांगताव! काकांनी मारला ब्रेक!" "म्हंजे दूध तुमी सांडलं?" "काका, लायसन्स काढा आता! पोरगीच शिकवंल की!" एकजण हसता हसता मांडीवर थाप मारत होता. काकाही हसायला लागले. पाय कसा पडला ते त्यांनी गल्ल्याखाली पाय आपटून दाखवलं. ट्रक किती मोठा होता ते हात पसरून दाखवलं. चहा मागवला, मलाही. त्यांना त्या कबुलीने काहीही झालं नाही. पत्र्याचा एक ग्राहक कमी झाला नाही. इतक्या स्वस्तात मिळणारी गोष्ट त्यांनी मला इतके दिवस दिली नव्हती.

मी चहा घेतला नाही. काकूला घेऊन सास्तूरला गेले. बाळ पाळण्यात घालून झालं होतं, आम्ही उशिरा पोचलो म्हणून काकूला बोलणी बसली. ती निमूट ऐकत राहिली, माझं नाव तिने घेतलं नाही.

खरी गोष्टही नळदुर्गला त्याच रस्त्याने पोचली, बाकड्यावरून, टपरीवरून. सर म्हणाले, "चला, गैरसमज झाला होता." कुणाचा, ते ते बोलले नाहीत. बॅच परत दिली. नर्स पहिल्याच दिवशी आली. ती म्हणाली, ब्रेक मी मारला नसणार असं तिला आधीच वाटलं होतं. मी विचारलं नाही, की मग फोन का केला नाहीस. शिक्षिकाबाई आल्या, दुकानवाल्यांपैकी एक आली. क्लार्कने बायकोला परत पाठवलं नाही. बाजारात ती मला दिसली, नवऱ्याच्या मागे बसून, आणि तिने मान दुसरीकडे केली. दूधवाल्याकडे मी स्वतः गेले. तो म्हणाला, "असंल बाई. पण ठोकर तर बसली ना."

काका आता ही गोष्ट लग्नाच्या पंगतीत सांगतात. चांगली सांगतात. ट्रक दर वेळी मोठा होतो, दूध जास्त सांडतं, आणि शेवटी ते टेबलाखाली पाय आपटतात. सगळे हसतात, आणि हसता हसता माझ्याकडे बघतात, मीही हसावं म्हणून. मी ताटातला भात संपवते.